अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध पहिल्या दिवसापासून मिळावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची विचारपूस करताना नातेवाईक आधी वजन विचारतात, मग श्वास. व्हेंटिलेटर निघाला म्हटलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमची मोठी धास्ती बरेचदा त्यानंतर सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बाळ स्थिरावलंय, नळीतून दिलेलं दूध पचतंय, आणि एका पाळीत बेंबीवरून टेप फिरवला की घेर वाढलेला दिसतो. पोट ताणलेलं, चकाकणारं. नळीतून हिरवं पित्त वर येतं, शीमध्ये रक्त दिसतं, श्वास मध्येच थांबतो. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवा दिसली की शंकेला जागा उरत नाही. या आजाराचं नाव नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस, आमच्या बोलण्यात एनईसी. आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग मरतो, कधी भोक पडतं. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के बाळांना तो होतो. झालेल्यांपैकी २० ते ३० टक्के दगावतात, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर त्याहून जास्त.

बहुतेक आईवडील हे नाव पहिल्यांदा ऐकतात ते आजार झाल्यावर. म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठा धोका अपुऱ्या दिवसांचाच. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं आतडं दूध पुढे ढकलायलाही तयार झालेलं नसतं. अस्तराची वीण सैल असते, आणि जंतूंशी गाठ पडल्यावर तिथे दाह इतका उसळतो की आतड्यालाच इजा होते. त्यात गर्भातच वाढ खुंटलेली असेल, नाळेतला रक्तप्रवाह डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, अडलेला किंवा उलटा दिसला असेल, जन्मजात हृदयदोष असेल, रक्त फार कमी झालं असेल, तर धोका वाढतो. यातलं काहीही आईच्या हातात नसतं. तरी काचेच्या पेटीपाशी उभ्या असलेल्या बाईला 'तू स्वतःला जपलं नाहीस' असं ऐकवणारे भेटतात. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे, हे बोलू नका. कित्येकदा एका बाळाला एनईसी झाला आणि शेजारच्या तशाच बाळाला नाही, याचं कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आईचं दूध. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केवळ पावडरच्या दुधावर असलेल्यांत एनईसीचं प्रमाण केवळ आईच्या दुधावर असलेल्यांच्या सहा ते दहा पट होतं. आणि पावडरसोबत थोडं का होईना आईचं दूध मिळालेल्यांच्या तुलनेतही ते तिप्पट होतं. हा दुसरा आकडा मी प्रत्येक आईला सांगते, कारण पहिल्या दिवशी तिला येतं ते एक मिलिलिटरच्या सिरिंजच्या टोकाशी मावेल एवढंच. घट्ट, पिवळं चीकदूध. ती सिरिंज हातात देताना बायका खाली बघतात, 'एवढंच आलं सिस्टर' म्हणतात. आम्ही त्यावर नाव आणि वेळ लिहितो आणि तेच थेंब बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावतो. तेवढ्यातही जंतूंशी लढणारी प्रथिनं असतात, जी कुठल्याही डब्यात मिळत नाहीत.

आणि नेमक्या याच वेळी घरचे म्हणतात, 'ती दमलीय, तूर्त पावडर द्या, तिला झोपू द्या.' त्यामागची माया मला कळते. पण पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात झाली आणि रात्र धरून दिवसातून आठेक वेळा ते काढलं, तरच पुढे पुरेसं येतं. तिला झोपू द्यायचं असेल तर पंप कुणीतरी धुवून द्या, पाणी आणून द्या, तिच्याजवळ बसा. आईचं दूध खरंच नसेल किंवा कमी पडत असेल, तर मानवी दूधपेढीचं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मागा. ते ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून निर्जंतुक केलेलं असतं. त्यावर वजन जरा सावकाश वाढतं हे खरं, पण त्याच्या तुलनेत पावडरच्या दुधाने एनईसीचा धोका जवळजवळ दुप्पट होतो.

औषधांबद्दलही विचारायला कचरू नका. संसर्गाच्या शंकेने सुरू केलेली अँटिबायोटिक्स, रक्तात जंतू सापडले नाहीत तरी पाच दिवस किंवा जास्त चालू राहिलेल्या बाळांत एनईसी आणि मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं आहे. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या रॅनिटिडीनसारख्या औषधांचाही एनईसीशी संबंध दिसला आहे, कारण ते आम्ल जंतूंना अडवतं. कधी ही औषधं लागतातच. 'अजून का चालू आहे?' एवढं विचारलं तर चांगला डॉक्टर रागावत नाही.

दूध जितकं हळू वाढवावं तितकं बाळ सुरक्षित, हा समज तर आमच्यातल्याही अनेकांचा होता. २०१९ साली २,८०४ बाळांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. किलोमागे रोज १८ मिलिलिटरने वाढवा की ३० ने, एनईसीत फरक पडला नाही. हळू वाढवल्याने शिरेतून पोषण देण्याचे दिवस मात्र वाढले.

प्रसूतितज्ज्ञांना एक विनंती आहे. वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी तुम्ही स्टेरॉइडचं इंजेक्शन देता. त्याने एनईसीचा धोकाही कमी होतो, हे तिला त्याच वेळी सांगा. आणि तिथेच, पलंगाशी, बाळ जन्मल्यावर पहिल्या काही तासांत दूध कसं काढायचं ते सिस्टरकडून हाताने दाखवून घ्या. आमच्या विभागात ती पोचते तेव्हा बाळ पेटीत गेलेलं असतं, टाके दुखत असतात, आणि काही शिकण्याच्या मनःस्थितीत ती नसते.

आपली,
एक परिचारिका, नवजात अतिदक्षता विभाग