‘सिंक’ केलं की प्रत्येक फोटोचा रंग वेगळा : बॅच एडिटिंगबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर विभाग

विषय : नव्या आवृत्तीत बॅच सिंक (एका फोटोची सेटिंग एकदम अनेक फोटोंना देणं) करताना व्हाइट बॅलन्स, उभे फोटो आणि फाइलची नावं बिघडत असल्याबाबत.

महोदय,

तुमच्या सॉफ्टवेअरचं वार्षिक लायसन्स आमच्या स्टुडिओकडे आहे. बिलाची प्रत आणि पेन ड्राइव्हमध्ये नमुन्याच्या फाइल सोबत पाठवल्या आहेत. याच विषयावर दोन ई-मेल झाले. दोन्ही वेळा ‘प्रेफरन्स फाइल डिलीट करा, सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करा’ एवढंच उत्तर आलं. दोन्ही करून पाहिलं, काडीचाही फरक नाही. म्हणून आता स्पीड पोस्टानं लेखी.

मुख्य दुखणं व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाप्रमाणे फोटोतले रंग खरे दाखवणाऱ्या सेटिंगचं आहे. हळदीचे ३१२ रॉ फोटो (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) घेतले. पहिल्या फोटोवर ‘ऑटो’ दाबलं. सॉफ्टवेअरनं ५३०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) आणि टिंट (हिरवी-गुलाबी छटा) अधिक ८ काढलं, आणि ते बरोबर होतं : चौरंगावरचा कपडा पांढरा, अंगावरची हळद हळदीसारखी. मग बाकीचे ३११ निवडले, सिंकच्या खिडकीत फक्त ‘व्हाइट बॅलन्स’वर टिक ठेवली आणि सिंक दाबलं. सगळीकडे ५३०० यायला हवं होतं. प्रत्यक्षात मांडवाच्या दूरच्या फोटोत ५१५०, पाटावर बसलेल्या नवरीच्या क्लोजअपमध्ये ३९००, मागं तुरीचं हिरवं शेत आलेल्या फोटोत ५६५०. एकाच जागी, एकाच उन्हात, दहा मिनिटांत काढलेले हे फोटो आहेत.

कारण उघड आहे. नवी आवृत्ती ५३०० हा आकडा कॉपी करत नाही, ‘ऑटो’ हा हुकूम कॉपी करते. मग प्रत्येक फोटो स्वतःचा हिशेब नव्यानं करतो. ऑटोचा ढोबळ हिशेब असा की फ्रेममधल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यायला हवी. हळदीत तोंड पिवळं, साडी पिवळी, वरचं कापड पिवळं. सॉफ्टवेअरला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि ते केल्विन खाली ओढून फोटोत निळं भरतं. कॅमेरा जितका जवळ, तितकी फ्रेममध्ये हळद जास्त आणि तितका फोटो निळा. दूरच्या फोटोत आभाळ, माती, माणसं असल्यानं तो वाचतो. अल्बमच्या एकाच शीटवर दोन्ही शेजारी आले की गिऱ्हाईक विचारतं, ‘भाऊ, पोरगी इकडं कावीळ झाल्यावानी अन् तिकडं निळी काऊन दिसून रायली?’ प्रश्न रास्त आहे.

ऑटो वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. ज्या लग्नात दर फोटोला उजेड बदलतो तिथं तो हुकूमच कॉपी व्हावा, उपयोगी आहे. पण मागच्या आवृत्तीत हेच बटण आकडा कॉपी करत होतं, बटणाखाली आजही ‘निवडलेल्या सर्व फोटोंना हीच मूल्ये द्या’ असंच लिहिलेलं आहे, आणि अपडेटच्या माहितीत या बदलाचा एक शब्द नाही. तुमच्या माणसांना खातरजमा करायची असेल तर कोणतेही तीन रॉ फोटो घ्या, पहिल्याला ऑटो द्या, सिंक करा आणि तिन्हींचे आकडे वाचा. नंतर पहिल्या फोटोचा स्लायडर ५० केल्विननं हलवून परत जागेवर आणा. नावापुढं ‘ऑटो’ जाऊन ‘कस्टम’ येतं. आता सिंक केलं की तिन्हीकडे एकच आकडा. आम्ही सध्या असंच काम करतो. ही युक्ती तुमच्या मदत पुस्तिकेत नाही.

यात रॉसोबत जेपेग फोटो मिसळले की आणखी घोळ. जेपेगमध्ये व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यातच भाजून आलेला असतो, तिथं केल्विन नाही, फक्त उणे १०० ते अधिक १०० असा स्लायडर आहे. त्यामुळे ५३०० जेपेगला लागू होऊ शकत नाही, हे मान्य. पण सॉफ्टवेअर ते जेपेग गपचूप सोडून देतं आणि वर ‘सर्व फोटो अपडेट झाले’ म्हणतं. सोडले तर सोडले म्हणून सांगा.

उभ्या फोटोंचं थोडक्यात. कॅमेरा उभा धरला तरी फाइल आडवीच साठते, सोबत दिशेचा टॅग (फोटो कसा फिरवून दाखवायचा हे सांगणारा आकडा) असतो, बहुधा ६ किंवा ८. एक्सपोर्ट करताना (तयार फोटोची नवी फाइल काढताना) सॉफ्टवेअर चित्र फिरवून उभं करतं. त्यानंतर टॅग १, म्हणजे ‘फिरवू नका’, व्हायला हवा. आडव्या फोटोचा क्रॉप (काटछाट) उभ्या फोटोवर सिंक केलेला असेल तर टॅग ६ चा ६ राहतो. टॅग न वाचणाऱ्या जुन्या व्ह्यूअरमध्ये फोटो उभा दिसतो, अल्बम छापणाऱ्या लॅबचं सॉफ्टवेअर टॅग वाचून तो पुन्हा फिरवतं. १२ बाय ३६ च्या शीटवर नवरदेव-नवरी आडवे झोपून आले ते असे. अशा सहा शीट पुन्हा छापल्या, त्याचं लॅबचं बिल सोबत आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. आमच्याकडे एकाच कंपनीच्या दोन बॉडी (कॅमेरे) आहेत, दोन्हींच्या फाइल डीएससी नावानंच सुरू होतात. पहिलीचे फोटो ९२१८ पासून ९९९९ पर्यंत गेले, मग नंबर फिरून ०००१ ते ०६७८, एकूण १४६०. दुसरीचे ०४१२ ते १५३१, म्हणजे ११२०. बेरीज २५८०. मूळ फाइल दोन वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या, एक्सपोर्ट एकाच फोल्डरमध्ये दिला. फोल्डरमध्ये २३१३ फाइल आल्या. कमी पडल्या त्या २६७, बरोबर ०४१२ ते ०६७८ मधल्या. दुसऱ्या बॉडीच्या फोटोंनी पहिलीचे फोटो पुसून त्यांची जागा घेतली, ना विचारलं ना नावापुढं १-२ लावलं. मंगलाष्टकं आणि अक्षता नेमक्या त्याच २६७ मध्ये होत्या. मूळ रॉ जागेवर असल्यानं निभावलं. लॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या कामाच्या नोंदीत) मात्र ‘२५८० यशस्वी’. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. आता आम्ही एक्सपोर्टच्या आधी एका बॉडीच्या नावांपुढं ‘अ’ आणि दुसरीच्या नावांपुढं ‘ब’ लावून घेतो. तरीही ‘ही नावं आधीच आहेत, काय करू?’ एवढं विचारणं सॉफ्टवेअरचं काम आहे.

आमची मागणी अशी. सिंकच्या खिडकीत व्हाइट बॅलन्ससमोर ‘आकडा’ आणि ‘ऑटो’ असे दोन वेगळे पर्याय द्या, आणि मूळ निवड आकड्याची ठेवा. एक्सपोर्टनंतर टॅग १ करा. नाव जुळलं तर थांबून विचारा. लॉगमध्ये सोडलेल्या आणि पुसलेल्या फाइलची नावानिशी यादी द्या. हे सगळं पुढच्या अपडेटमध्ये येईपर्यंत मागच्या आवृत्तीचा इन्स्टॉलर याच लायसन्सवर चालू करून द्या. ती आवृत्ती आमच्या कामाला पुरेशी होती. सहा शीटच्या बिलाची भरपाई वेगळी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर हवं. ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ हे उत्तर धरलं जाणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आम्हाला तुमच्या शहरात येण्याची गरज नाही. यवतमाळ आम्हाला जवळ आहे.

आपला,
लायसन्सधारक ग्राहक, फोटो स्टुडिओ,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सोबत : लायसन्सचं बिल, लॅबचं बिल, दोन्ही ई-मेलच्या प्रती, पेन ड्राइव्ह (तीन रॉ फोटो, टॅग ६ राहिलेले सहा फोटो, एक्सपोर्टचा लॉग).