'बायोप्सीशिवाय अचूक निदान' हे जरा जपून छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत नवीन एमआरआय मशीनवर लेख आला होता, वर मोठ्या टायपात 'आता बायोप्सीशिवाय ब्रेन ट्यूमरचं अचूक निदान'. मशीन 3 टेस्लाचं आहे (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), 1.5 वाल्यापेक्षा चित्र स्वच्छ येतं, सगळं मान्य. पण 'अचूक' वाचलं आणि राहवेना, कारण याच शब्दापायी आमच्या घरात तीन आठवडे कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

माझे दाजी तासगावकडचे, द्राक्षबागायतदार, वय 46. एका रात्री ताटावर बसल्याबसल्या फिट आली, आयुष्यात पहिल्यांदाच. रातोरात मिरजेला आणलं, कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून डाय, देऊन एमआरआय झाला. डाव्या बाजूला गाठ, कडेने पांढरी चकाकणारी रिंग, आत काळं, भोवती सूज. रिपोर्टच्या शेवटी दोन शक्यता लिहिलेल्या, पहिली हाय ग्रेड ग्लायोमा, म्हणजे मेंदूतला वेगाने वाढणारा कॅन्सर, आणि दुसरी ट्युबरक्युलोमा, म्हणजे मेंदूतली टीबीची गाठ. दुसरी ओळ घरात कुणी वाचलीच नाही हो. भाच्याने मोबाइलवर ग्लायोमा शोधलं आणि ताई जी देवघरासमोर बसली ती उठेना.

मग कुणीतरी सांगितलं की स्पेक्ट्रोस्कोपी करा, त्यात गाठीतली रसायनं कळतात, एकदम पक्कं होतं. केली, परत पैसे, परत ते धडधड वाजणारं भुयार. कोलीन वाढलेलं, एनएए (हे निरोगी मेंदूपेशींचं रसायन) कमी, लिपिड म्हणजे चरबीही दिसतेय. तिथल्या माणसाने तोंडी सांगून टाकलं की ट्यूमरच दिसतोय.

न्यूरोसर्जन मात्र शांत होते. त्यांनी फिल्म उजेडावर धरून जे समजावलं ते मी आजपर्यंत कुठल्या पेपरात वाचलेलं नाही. रिंग चकाकते कारण तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर फुटलेला असतो आणि डाय तिथून झिरपतो, आता तो अडसर कॅन्सरने फोडला, टीबीने फोडला, फीतकृमीच्या अळीने फोडला की पूने, हे डायला काय कळणार? तेच कोलीनचं. पेशी दाटीवाटीने वाढल्या की ते वाढतं, ट्यूमरमध्ये वाढतं तसं टीबीच्या गाठीतही वाढू शकतं. लिपिड मेलेल्या भागातून येतं आणि असा मेलेला भाग दोन्हीकडे असतो. पू भरलेली गाठ डिफ्यूजनच्या, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या, फोटोत आतून चमकते, त्यामुळे ती बऱ्याचदा ओळखू येते, पण तिथेही शंभर टक्के कुणी म्हणत नाही. आणि आपल्याकडे टीबी आहेच की घरोघरी, बाहेरच्या देशातल्या डॉक्टरला अशी रिंग बघून आधी कॅन्सर आठवत असेल तर इथल्या डॉक्टरला टीबी आठवलाच पाहिजे.

शेवटी कवटीला छोटं भोक पाडून सुईने तुकडा काढला. टीबी निघाला! एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. गंमत बघा, काही महिन्यांनी परत स्कॅन केला तर गाठ आधीपेक्षा मोठी, सगळे परत गर्भगळीत. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडत असतानाही कधीकधी गाठ आधी फुगते, स्टेरॉइड देऊ आणि थांबू. थांबलो. त्याच्या पुढच्या स्कॅनला ती निम्मी झाली होती.

उलटी गोष्ट आमच्या गल्लीतल्या काकूंची. त्यांना खरोखरच ग्लायोब्लास्टोमा, ग्लायोमातला सगळ्यात आक्रमक प्रकार. ऑपरेशन, रेडिएशन, टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या सगळं झालं आणि नंतरच्या पहिल्याच एमआरआयला गाठ वाढलेली दिसली. मुलगा म्हणाला आता बंद करूया सगळं. पण रेडिएशननंतर पहिल्या तीनेक महिन्यांत उपचारानेच तिथे सूज येते आणि फोटोत ती हुबेहूब कॅन्सर परतल्यासारखी दिसते. परफ्यूजन करून रक्तपुरवठा बघितला, तोही धड इकडे ना तिकडे, कारण मेलेल्या पेशी आणि जिवंत कॅन्सर एकाच जागी मिसळलेले असू शकतात. काकूंच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या आणि दोन महिन्यांनी परत बघितलं, तेव्हा सूज ओसरली होती.

पेटस्कॅनचंही लोकांना फार वाटतं. नेहमीच्या पेटमध्ये साखरेसारखं औषध देतात, पण मेंदू मुळातच साखर खाणारा, सगळीकडेच उजळतो, त्यात गाठ उठून दिसत नाही. मेथिओनिनचं पेट त्याहून बरं, पण त्यातलं किरणोत्सारी औषध 20 मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे ते बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र त्याच आवारात पाहिजे. पुण्याहून निघालं तर साताऱ्याच्या अलीकडेच संपत येईल, मिरजेला काय पोचतंय!

बायोप्सीही देवाची वाणी नाही हे मलाही कळतं. सुई इवलीशी, गाठीचा सौम्य भाग हाताला लागला तर चुकीचा ग्रेड येतो, शिवाय रक्तस्रावाचा धोका असतो, आणि गाठ खोल नाजूक जागी असेल तर सुई घालताच येत नाही. पण 2016 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ग्लायोमाची नावंच जनुकं बघून ठरतात, आयडीएच हे जनुक बदललंय का, 1पी/19क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गेलेत का. फोटोवरून याचा अंदाज बांधता येतो, कधी चांगलाही येतो, पण तो अंदाजच.

तेव्हा त्या मथळ्याची दुरुस्ती छापा एवढीच विनंती. आणि जागा असेल तर एक ओळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी टाका, की रिपोर्टमधली दुसरी आणि तिसरी शक्यताही वाचा, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा, आणि जुन्या स्कॅनची सीडी फेकू नका, कारण पुढचा फोटो मागच्याशी ताडूनच कळतो. आमची पहिली सीडी ताईने रागाने कचऱ्यात टाकली होती, मी रात्री बॅटरी घेऊन शोधून आणली.

दाजी आता परत बागेत जातात. फक्त ट्रॅक्टरला हात लावायची अजून परवानगी नाही, त्यावरून रोज भांडण.

आपला,
एक वाचक, मिरज