‘मूव्ह’ म्हटलं की पैसे हलले पाहिजेत

आदरणीय मॅडम,

पतसंस्थेच्या व्याजाचे नियम लिहिण्यासाठी केलेली आमची छोटी प्रोग्रामिंग भाषा अखेर कामाला लागली. लेखा विभागातली मंडळी आता नियम स्वतः लिहितात. शब्द इंग्रजीच ठेवले, कारण ‘प्रिन्सिपल’, ‘ड्यू डेट’, ‘पेनल्टी’ हे त्यांच्या स्क्रीनवर पहिल्यापासून आहेत. पण त्यातले कुठले घ्यायचे आणि कुठले टाळायचे, हे तुमच्यामुळे ठरलं. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानतोय.

कोबोल या इंग्रजी शब्दांत लिहायच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत उभी नोकरी काढलेल्या माणसाकडून मला शब्दांची तयार यादी मिळेल असं वाटलं होतं. तुम्ही उलट आमच्याच यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने आखून पाठवलेत: वाचणाऱ्याला काय वाटेल, आणि मशीन काय करेल. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तरच शब्द राहील.

‘मूव्ह’ तिथेच गळाला. कोबोलमध्ये मूव्ह केलं की मूळ जागेवरची किंमत तशीच राहते, दुसरीकडे तिची फक्त नक्कल होते. प्रोग्रामरला त्याची सवय होते. पण कॅशियरनं ‘मूव्ह अमाउंट’ वाचलं तर एका खात्यातून रक्कम वजा झाली असंच तो समजणार, आणि त्यात त्याचं काय चुकलं? आता नक्कल करायची तिथे ‘कॉपी’ आहे आणि ‘ट्रान्सफर’ दोन्ही खाती बदलणार असतील तरच.

‘नॉट’ आणि ‘ऑर’ची जोडी तर मला तुम्ही दाखवेपर्यंत दिसलीच नव्हती. कोबोलमध्ये ‘इफ स्टेटस नॉट इक्वल टू 1 ऑर 2’ असं लिहिता येतं. वाचताना वाटतं, स्टेटस 1 नाही आणि 2 ही नाही. मशीन मात्र ‘1 नाही किंवा 2 नाही’ असं घेतं, आणि ही अट कायमच खरी ठरते! वाक्य जितकं बोलण्यासारखं, तितका माणूस बेसावध. आम्ही ‘इज वन ऑफ’ आणि ‘इज नन ऑफ’ घेतलं. जरा शाळकरी वाटतं, पण चालेल. ‘अमुक होईपर्यंत हे काम करत राहा’ सांगणारा ‘अनटिल’ही वगळला, कारण कोबोल काही वेगळं सांगितलं नाही तर अट आधी तपासतं आणि बोलताना आपण काम आधी धरतो.

अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांची गोष्ट तुमच्याकडूनच ऐकली. त्यांनी इंग्रजी शब्दांत लिहिलेला प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला, तर वरिष्ठ बिचकले. अमेरिकन मशीनला फ्रेंच कसं कळेल? मशीनला इंग्रजी तरी कुठे कळत होतं! त्यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा 1959 मध्ये आकाराला येऊ लागलेल्या कोबोलवर मोठा ठसा आहे, आणि शब्द वाचणाऱ्यासाठी असतो ही तुमची शिस्त मला त्याच घराण्यातली वाटते.

राखीव शब्द, म्हणजे भाषा स्वतःकडे ठेवते आणि प्रोग्रामरला नाव म्हणून वापरता येत नाहीत असे शब्द, कमी ठेवा, हाही तुमचाच हट्ट. कोबोलनं ‘डेट’, ‘काउंट’ स्वतःकडे ठेवले आणि तुम्हा लोकांना जन्मभर नावाआधी ‘डब्ल्यूएस’ लावत बसावं लागलं. आमच्याकडे ‘डेट’ मोकळा आहे.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. ‘इफ’ची अट कुठे संपली ते सांगणारा ‘एंड-इफ’ घ्या म्हणालात. 1985 च्या मानकात तो येईपर्यंत एका पूर्णविरामानं तुम्हाला किती छळलं तेही सांगितलंत. आम्ही ‘एंड रूल’ ठेवलाय. नियमात नियम येऊच देत नाही, त्यामुळे तेवढा पुरतो.

आता अडलंय पूर्णांकन करायला सांगणाऱ्या ‘राउंडेड’वर. कोबोलमध्ये तो लिहिला नाही तर जादाचे दशांश सरळ कापले जातात, आणि 2014 च्या मानकानं तर पूर्णांकनाच्या कितीतरी पद्धती दिल्या. अर्धा पैसा वर न्यायचा की जवळच्या सम आकड्याकडे, हे त्या एका शब्दातून कॅशियरला कळणार नाही. दोन रकाने आखून ठेवलेत, पहिला भरलाय. सवडीनं फोन करा.

तुमचा ऋणी,
पतसंस्थेचा प्रोग्रामर