ठोके ऐकू आले म्हणून थांबू नका

सुनेने ऑनलाइन डॉपलर, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके घरी ऐकायचं यंत्र, मागवला. सातवा महिना. रोज रात्री पोटाला जेल चोपडून धडधड ऐकायची, मग निवांत झोपायची. एकदा बाळ दिवसभर फारसं हललं नाही. पण यंत्रात ठोके येत होते, म्हणून सगळे गप्प. मी जुनी नर्स. तिच्या मनगटावर बोटं ठेवली, तर नाडीचा आणि यंत्राचा ठेका एकच, मिनिटाला ८८! बाळाचे साधारण ११० ते १६० असतात. म्हणजे ऐकत होतो ते आईचेच. तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला. बाळ ठीक होतं. पण ठोके बाळाचेच असले, तरी हालचाल मंदावल्यावर घरी थांबायचं नसतं. विकणारे हे खोक्यावर ठळक का छापत नाहीत?

– एक निवृत्त परिचारिका, सातारा