दिवाणजी काका, मेळ लागला बघा

काका, नमस्कार.

हे तुमच्यासमोर बसून सांगायला गेलो असतो तर तुम्ही "बरं बरं, चहा घे आधी" म्हणून विषय संपवला असता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, तुमचा पुतण्या वाचून दाखवेलच. सीए इंटरचे (म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचे) दोन्ही ग्रुप निघाले. पुढच्या महिन्यापासून पुण्यात आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकायचं. घरी पेढे वाटून झाले, क्लासवाल्यांनी बॅनरसाठी फोटो पण मागून घेतला (पहिल्यांदा नापास झालो तेव्हा हेच लोक फोन उचलत नव्हते, असो). पण माझं गाडं कुणामुळं रुळावर आलं ते त्या बॅनरवर येणार नाही, म्हणून हा उद्योग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी दुपारी बिलं लिहायला जायचो आणि काका तिथले दिवाणजी. कॉम्प्युटर आला तरी यांची कीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, हातानंच. मी फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला बसलो, मार्क पडले ४१, ५२, ४७ आणि ४८. आता नियम असा की प्रत्येक पेपरात ४० पाहिजेत आणि चारी मिळून ४०० पैकी २००. माझे झाले १८८. म्हणजे चारी पेपरात पास आणि निकाल नापास! हे आईला समजावून सांगता सांगता माझ्याच डोळ्यात पाणी आलं, कारण दिवसाला दहा-दहा तास बसलो होतो हो, टाइमपास केला नव्हता.

तुम्ही मात्र "होईल रे पुढच्या वेळी" वगैरे काही म्हणला नाहीत. एवढंच विचारलंत, "दहा तास वाचलंस, त्यातलं जमा किती?" मला कळलंच नाही. मग माझं अकाउंटचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलंत, जुन्या बिलबुकाचा पाठकोरा कागद पुढं सरकवलात आणि म्हणलात, घसारा म्हणजे काय ते लिही. त्याच दिवशी सकाळी तो धडा हायलायटर मारून वाचलेला, आणि दोन ओळी लिहून पेन थांबलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत फक्त. "ट्रक दारात लागला म्हणून माल आपला होत नाही. वजन व्हायला लागतंय, कीर्दीत चढायला लागतंय. तू नुसता माल उतरवून घ्यायलायस."

त्या दिवसापासून आपला रोजमेळ सुरू झाला. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तुम्ही गल्ल्याचा मेळ घालायचा आणि मी समोरच्या पोत्यावर बसून पुस्तक न उघडता सकाळचं जे आठवेल ते पाठकोऱ्या कागदावर उतरवायचं, आठवलं ते जमा, अडलं ते नावे (म्हणजे माझ्यावरचं देणं), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी कालचं नावे भागवायचं, मगच नवीन धडा. पहिला आठवडा एवढी लाज वाटायची! जमेच्या बाजूला चार ओळी आणि नावे बाजूला अख्खं पान. त्यात तुम्ही चहा पिता पिता मधेच गेल्या आठवड्यातलं काहीतरी विचारायचा, हमाल लोक हसायचे. मी एकदा चिडून म्हणलो की झालेलं परत परत कशाला, तर तुम्ही सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचं काढलंत. हळद जमिनीखाली पेवात टाकून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं टिकते, पण डोकं म्हणजे पेव नव्हे, इथला माल मधनंमधनं वर काढून बघायलाच लागतो.

नंतर कळलं की यावर लोकांनी प्रयोग केलेत. अमेरिकेत रोडिगर आणि कारपिक या दोघांनी २००६ मध्ये पोरांचे गट केले, एका गटानं उतारा परत परत वाचला, दुसऱ्यानं वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं, आठवड्यानं घेतली तर आठवणारे पुढं. मला हे वाचून हसूच आलं, कारण माझी दहा तासांची सगळी कमाई त्या पाच मिनिटांवाली होती.

आणि ते ६३ रुपये आठवतात का? एका संध्याकाळी माझा मेळ ६३ रुपयांनी चुकला. मी सगळी बिलं पहिल्यापासून तपासायला घेतली तर तुम्ही हात धरलात. "६३ ला नवानं भाग जातोय का? जातोय. मग बहुतेक कुठंतरी आकडे उलटे पडलेत, तेवढंच शोध." पाचव्या मिनिटाला सापडलं, ८१ च्या जागी १८ लिहिलेले. मी तोपर्यंत चूक झाली की "सिली मिस्टेक" म्हणून सोडून द्यायचो, सगळेच देतात. त्या रात्री चुकांची वेगळी वही घातली, शेजारी एकच रकाना, का चुकलं? आकडा उलटा लिहिला, प्रश्न अर्धा वाचला, सूत्रच येत नव्हतं, घाई केली. महिन्याभरानं मोजलं तर निम्म्याहून जास्त चुका एकाच कारणाच्या, प्रश्न अर्धा वाचून सुटायचो मी. मी आपला मॅथ्स कच्चं मॅथ्स कच्चं म्हणून रडत होतो आणि आजार वेगळाच निघाला.

फाउंडेशनच्या मॅथ्स आणि इकॉनॉमिक्सच्या पेपरात चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, तिथं पण तुमचंच वाक्य कामाला आलं, "माहीत नसलेला आकडा अंदाजानं लिहिला की मेळ कधीच बसत नाही, कोरं सोड." पहिल्या वेळी मी उत्तरपत्रिकेतला एकही गोळा रिकामा ठेवला नव्हता. दुसऱ्या वेळी जिथं काहीच सुचत नव्हतं ते सरळ सोडून दिले. पाव-पाव करत किती वाचले देव जाणे, पण वाचले.

मोबाइलचं काय लिहू. "गल्ल्यात टाक, जाताना घे." बास. पहिले चार दिवस हात आपोआप खिशाकडं जायचा, पाचव्या दिवसापासून तुमच्या गल्ल्यातच तो जास्त सुखी होता. शंका त्याच दिवशी विचारायची हेही तुमच्यामुळंच लागलं, कारण नावे पडलेलं चार दिवस तसंच दिसलं की तुम्ही मालकासमोर विचारायचा, त्यापेक्षा सरांना फोन केलेला परवडायचा.

पहाटे चारला उठायचं मात्र तुमचं नाही ऐकलं. तीन दिवस उठलो, तिन्ही दिवस पुस्तकावर लाळ गाळली. माझा अभ्यास रात्रीचाच. पण पेपरच्या आदल्या दिवशी तुम्ही आठ वाजताच "जा, झोप जा" म्हणून हाकललंत ते ऐकलं, आणि पहिल्या वेळी रात्रभर जागून गेलो होतो त्यातला आणि ह्यातला फरक पेपर हातात घेतल्या घेतल्या कळला.

काका, तुम्ही स्वतः किती शिकला हे मी कधी विचारलं नाही, तुम्ही पण कधी सांगितलं नाहीत. मागं थँक्यू म्हणलो तर "बिलं लिही" म्हणलात. आता बिलं नाहीत त्यामुळं ऐकून घ्यायलाच लागेल. थँक्यू काका. खरंच.

दिवाळीला येतोय. लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या चोपड्यांशेजारी माझी ती चुकांची वही पण ठेवायचीय, मालकांना सांगून ठेवा. तिला वेगळी हळद वाहायला लागणार नाही, त्या पोत्यावर बसून बसून सगळी पानं आधीच पिवळी झालीत.

तुमचा,
बिलं लिहिणारा पोरगा