सूचना : मार्चअखेर आणि चढलेला आवाज

सर्व सभासदांना नमस्कार.

31 मार्च जवळ आला. रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) जुळत नाही, व्हाउचर सापडत नाही, काउंटरवर लोक ताटकळलेले. अशात तोल सुटतो. गेल्या वर्षी माझाच सुटला. 270 रुपयांच्या फरकावरून शेजारच्या टेबलावरच्या ताईंना मी ग्राहकांदेखत वाट्टेल ते बोललो. त्यांनी उत्तर दिलं नाही, फक्त स्टँप पॅडचं झाकण हळूच लावलं. ते अजून डोळ्यांसमोर आहे. फरकाला 9 ने भाग जातो, म्हणजे बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे मलाही ठाऊक होतं. पण रागात पाहिलंच नाही. 4,520 चे 4,250 मीच लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली. चारचौघांत अपमान करून माफी मात्र कोपऱ्यात मागणं मला पटलं नसतं.

म्हणून कळकळीची विनंती : राग आला की आधी खुर्चीवरून उठा, पाणी प्या. चूक दाखवायची तर बाजूला बोलावून, आणि कामापुरतीच. कुणाच्या चुकीचा फोटो या ग्रुपवर टाकू नका. ज्यांचा राग घरीही उतरत नाही, झोप लागत नाही, त्यांनी ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं.

टेबल किंवा कामाची वाटणी बदलून हवी असेल त्यांनी 20 मार्चपर्यंत मला सांगावं.

— चिटणीस