बर्फावरच्या गळाची पेटी

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. जानेवारीत तुम्ही दोघे इकडे अमेरिकेत मिनेसोटाला येणार हे नक्की झाले, याचा आनंद तर आहेच; पण गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायचे असेल तर तुमची गळाची पेटी बरोबर घेऊ का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे, त्याला जरा सविस्तर उत्तर द्यावे लागेल. ती पेटी घरीच राहू द्या. जाकिटाच्या खिशात मावेल एवढी एक लहान पेटी मी तुमच्यासाठी इथे भरायला घेतली आहे. इतकी वर्षे नदीवर गळ टाकणाऱ्या माणसाच्या हाती नवशिक्याची पेटी देणे हा आगाऊपणा वाटेल, हे मला कळते. परंतु बर्फावर जुना अनुभव निम्माच उपयोगी पडतो, आणि प्रत्येक वस्तूमागचे कारण वाचल्यावर ही निवड तुम्हाला पटेल असे वाटते.

मूळ कारण पाण्यातच आहे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, म्हणून त्याहून थंड झालेले पाणी वर राहून गोठते आणि तळाशी साधारण ४ अंशांचे पाणी टिकून राहते. मासा तिथे जिवंत असतो, पण त्याच्या शरीराचा सगळा व्यवहार त्या थंडीने मंदावलेला असतो; त्याला भूक कमी लागते, तो आमिषाचा पाठलाग करत नाही, आणि तोंडात घेतलेली वस्तू संशय येताच सोडून देतो. त्यातच आपला गळ लांब फेकायचा नसून ६ किंवा ८ इंच व्यासाच्या भोकातून सरळ खाली सोडायचा असतो. म्हणून इथे सगळे काही बारीक, हलके आणि थोडे हवे. तुमच्या पेटीतले मोठे गळ, जाड दोरा आणि लांब फेकीसाठीची वजने यांतले काहीच त्या भोकाजवळ कामाचे नाही.

पेटीचा अर्धा भाग मी जिगांना दिला आहे. जिग म्हणजे ज्याच्या दांड्यावर धातूचे इवलेसे डोके ओतलेले असते असा गळ. वजन आणि गळ एकच असल्यामुळे वेगळे शिसे बांधावे लागत नाही. पर्च, ब्लूगिल आणि क्रॅपी हे इथले तव्याएवढे मासे नवशिक्याने आधी धरावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते थव्याने राहतात आणि दिवसाउजेडीही खातात. त्यांच्यासाठी १० ते १४ क्रमांकाचे गळ लागतात. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. वजन १ ते २ ग्रॅम पुरते. या जिगांची डोकी मी टंगस्टनची निवडली आहेत. शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम असते आणि टंगस्टनची १९.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाचे डोके बरेच लहान होते. ते माशाच्या तोंडात सहज जाते, लवकर खाली पोचते आणि दोरा ताणलेला ठेवते. टंगस्टन महाग पडते हे खरे, पण या पेटीत पैसे खर्च करण्यासारखी जागा हीच आहे.

जिग विकत घेताना आणि बांधताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. नव्या जिगाच्या नेढ्यात बहुतेक वेळा रंग भरलेला असतो, आणि उणे १५ अंशांत, वाऱ्यात, उघड्या बोटांनी तो रंग कोरत बसणे कोणालाच जमत नाही. म्हणून घरी दिव्याखाली बसून सुईने एकेक नेढे मोकळे करायचे आणि मगच जिग पेटीत लावायचा. दुसरे असे की ज्या जिगाचे नेढे पाठीवर असते तो पाण्यात आडवा, पोहणाऱ्या किड्यासारखा राहायला हवा. गाठ नेढ्यात पुढे किंवा मागे सरकली की तो तिरका लोंबतो, आणि ब्लूगिल अशा लोंबत्या आमिषाजवळ येऊन, बघून परत जातो. प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक वेळी नवे आमिष लावल्यावर गाठ नखाने नेढ्याच्या मधोमध आणावी, इतके साधे ते काम आहे, पण त्याच्यावाचून बाकी सगळी निवड वाया जाते.

रंगांच्या बाबतीत दुकानदार माणसाला भुलवतात. बर्फावर हिमाचा थर असेल तर खाली उजेड फार कमी पोचतो आणि लाल रंग तर थोड्याच खोलीवर काळपट दिसू लागतो. मी तीनच प्रकार ठेवले आहेत: अंधारात चमकणारा फिकट हिरवा, साधा काळा, आणि सोनेरी. चमकणाऱ्या रंगाला विजेरीचा उजेड दाखवावा लागतो, म्हणून एक लहान विजेरी पेटीसोबत आहे. एवढ्यात भागते, आणि चौथ्या रंगासाठी जागाच ठेवली नाही की तो विकत घ्यायचा मोह होत नाही.

दोरा म्हणजे आपला तंगुसाचाच, पण २ ते ४ पौंडी. ४ पौंड म्हणजे पावणेदोन किलोंच्या आसपास ताण सोसणारा. तुम्ही म्हणाल की एवढ्या बारीक दोऱ्यावर मासा तुटून जाईल. जाड दोरा थंडीत ताठरतो आणि रिळावरची वळी जशीच्या तशी धरून ठेवतो. एक ग्रॅमचा जिग ती वळी सरळ करू शकत नाही, आणि माशाने खाली तोंड लावले तरी तो नाजूक झटका त्या वेटोळ्यांतच जिरून जातो, वर हाताला काही कळत नाही. मोठा मासा लागलाच तर रिळाचा ब्रेक सैल ठेवून त्याला दोरा देत राहायचे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले जमते. विणलेला दोरा मात्र नको, कारण तो पाणी धरून वर येतो आणि छडीच्या कड्यांत बर्फ साचतो. छडीही हातभरच लांबीची असते, कारण आपण भोकाला अगदी टेकून बसलेले असतो. मिनेसोटात हिवाळ्यात एका माणसाला दोन दोरे टाकायची परवानगी आहे; म्हणून दोन छड्या घरूनच वेगवेगळे जिग बांधून न्यायच्या, म्हणजे बर्फावर गाठ मारायची वेळ क्वचितच येते.

दोऱ्याला वजन म्हणून लावायच्या शिशाच्या मण्यांविषयी जरा जास्त लिहिते, कारण ते दोऱ्यावर बसवून दातांनी दाबायची तुमची सवय मी लहानपणापासून बघत आले आहे. ती सवय आता सोडा. शिसे शरीरात साठते आणि कोणत्याही वयात ते वाईटच. इथल्या पेटीत मी कथिलाचे मणी ठेवले आहेत. इथे शिशाचा आणखी एक बळी आहे, तो म्हणजे लून नावाचा पाणपक्षी, जो १९६१ पासून मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. हे पक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे बारीक खडे गिळतात, आणि खड्यांबरोबर तुटून पडलेले शिशाचे मणीही पोटात जातात. एक मणीसुद्धा त्यांना मारायला पुरतो. हिवाळ्यात लून दक्षिणेकडे गेलेले असतात, पण आपण भोकातून टाकलेले शिसे ते परत येईपर्यंत तिथेच पडून राहते.

त्यानंतर फ्लोट, म्हणजे मासा लागल्याचे दाखवणारा दोऱ्यावरचा तरंगता गोळा. बोटाच्या पेराएवढे दोन-तीन पुरेत, आणि ते पाण्यावर डौलाने उभे राहणारे नसावेत. जिगाच्या वजनाने ते जेमतेम बुडायच्या बेतात असले पाहिजेत, कारण मासा ओढत नाही, नुसता तोंड लावतो. कधी कधी तो आमिष घेऊन वर येतो आणि तेव्हा फ्लोट बुडण्याऐवजी आडवा पडतो. तो मासाच असतो, वारा नव्हे. फ्लोट किती उंचीवर अडवायचा हे ठरवायला खोली मोजावी लागते आणि त्यासाठी चिमट्याचे एक वजन पेटीत आहे: ते गळाला अडकवायचे, दोरा सैल पडेपर्यंत खाली सोडायचे, आणि आमिष तळापासून वीतभर वर राहील असे माप घ्यायचे. क्रॅपी मात्र अधांतरी राहतात, म्हणून ते हवे असतील तर हळूहळू वर सरकत शोधावे लागते. याच कामासाठी इथले लोक पडद्यावर मासे दाखवणारी यंत्रे घेऊन बसतात. ती उपयुक्त आहेत यात शंका नाही, पण पहिल्या हिवाळ्यात माणूस पाण्याऐवजी पडद्याकडेच बघत राहतो, म्हणून ती मी टाळली आहेत.

मोठ्या माशांसाठी एकच कप्पा आहे. वॉलआय संध्याकाळी उजेड उतरताना खायला निघतो. त्याच्यासाठी साडेतीन ते सात ग्रॅमचे दोन धातूचे चमचे, म्हणजे चमच्याच्या आकाराची चकाकती खोटी आमिषे, आणि ६ पौंडी दोऱ्याचे वेगळे रीळ ठेवले आहे. नॉर्दर्न पाइकचे दात तंगुसाचा दोरा सहज कापतात, म्हणून तारेचे दोन तुकडेही आहेत. ते लागतीलच असे नाही.

आमिष पेटीत राहत नाही, ते अंगावर राहते. मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणाऱ्या मेणपतंगाच्या पांढऱ्या गुबगुबीत अळ्या इथे डबीत विकत मिळतात. ती डबी आतल्या खिशात ठेवायची, कारण बर्फावर उघडी राहिली की अळ्या गोठून निकामी होतात. गळ अळीच्या एका टोकातून काढावा, म्हणजे आतला रस हळूहळू पाण्यात सुटतो. जिवंत लहान मासे वापरायचे तर नियम पाळावे लागतात: तळ्याचे पाणी भरलेले भांडे तसेच घेऊन निघता येत नाही, ते ओतून नळाचे किंवा बाटलीतले पाणी घालावे लागते, कारण झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव अशा पाण्यातूनच एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पसरतात. पहिल्यांदा आपण अळ्यांवरच भागवू.

हत्यारांत लांब, निमुळत्या तोंडाचा चिमटा सर्वांत महत्त्वाचा, कारण एवढासा गळ माशाच्या घशातून बोटांनी निघत नाही. त्याच्या जोडीला दोरा कापायला नेलकटर आणि गळाला धार लावायची पट्टी आहे. चिमटा आणि नेलकटर दोरीने जाकिटाला बांधून ठेवायचे, कारण बर्फावर पडलेली वस्तू घरंगळत थेट भोकाकडे जाते. भोकातला बर्फाचा चुरा काढायचा झारा आणि बर्फाला भोक पाडायचे गिरमिट माझ्याकडे आहेच.

पेटी निवडताना मी प्लास्टिकची, आत फोमच्या खाचा असलेली घेतली. हातमोजा न काढता उघडता येईल असा तिचा खटका मोठा आहे. परत आल्यावर झाकण रात्रभर उघडे ठेवायचे, नाहीतर ओल्या फोममध्ये गळ गंजतात. आमिष म्हणून मिळणाऱ्या रबरी अळ्या मूळ पाकिटातच राहू द्याव्यात, कारण त्यांच्यातले मऊ करणारे द्रव्य काही जातींचे कडक प्लास्टिक विरघळवते आणि मग सगळा कप्पा चिकट होतो.

आईची काळजी दिसतेच आहे, म्हणून तिला वाचून दाखवा: राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सूचनेप्रमाणे पायी चालायला निदान ४ इंच स्वच्छ, नवा बर्फ लागतो, आणि पांढरा, हिमाळ बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. जानेवारीत तो सहसा त्याहून जाड असतो, तरी झरे आणि प्रवाह यांच्याजवळ तो पातळ राहतो, म्हणून आपण पुढे जाता जाता भोक पाडून जाडी मोजत जाऊ. बर्फात रुतवून वर येण्यासाठी दोन टोकदार मुठी गळ्यात अडकवायच्या असतात. त्या पेटीत ठेवून उपयोग नाही, कारण माणूस पाण्यात पडल्यावर पेटी उघडायला वेळ मिळत नाही. तुमचा मासेमारीचा परवाना मी इथून काढीन. बाहेरून आलेल्यांसाठी २४ तास, ७२ तास आणि ७ दिवस अशा मुदतींचे परवाने मिळतात, त्यांतला ७ दिवसांचा आपल्याला सोयीचा पडेल.

तुमच्या पंजाचे माप, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, पुढच्या पत्रात कळवा, म्हणजे बोटांची टोके उघडी करता येणारे हातमोजे आणून ठेवते. आणि जवळचे वाचायचा चष्मा आठवणीने घ्या. १४ क्रमांकाच्या गळाचे नेढे त्याच्याशिवाय तुम्हाला दिसणार नाही, आणि गाठी तुम्हीच मारायच्या आहेत.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची,
लेक